माशीला बांध कळत नाही

गावानं त्यांना नाव ठेवलं होतं 'एकांडे शिलेदार'. पुढं वेळ वाचवायला लोकांनी 'एकांडे' गाळलं आणि नुसतं शिलेदार ठेवलं. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, आणि धंदा काय, तर कांद्याचं बी धरायचा! आता कांद्याचं बी माशीशिवाय होतच नाही. निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांच्यातून हात-दीड हात उंच दांडे वर येतात, दांड्यांच्या टोकाला पांढरे गोंडे फुलतात, मधमाश्या या गोंड्यावरून त्या गोंड्यावर फिरतात, तेव्हा कुठं आत काळं बी भरतं. शिलेदार सांगताना माश्यांचं नावही घेत नसत. "हाताचा गुण आहे," म्हणायचे, आणि स्वतःच्या तळव्याकडे मोठ्या आदरानं बघायचे.

बी होतंही तसंच. त्याचा कांदा पिवळसर, पातळ सालीचा, गच्च, आणि सात-आठ महिने ढिगात पडला तरी कोंब न काढणारा. तीस वर्षांत त्यात एक लाल निघाला नाही की एक जाड मानेचा निघाला नाही. हे बी ते बाजारच्या दुकानात नेऊन देत. गावात कुणाला चिमूटभरसुद्धा द्यायचं नाही, हा नेम. ज्याला हवं त्यानं दोन तासांची वाट तुडवावी आणि दुकानातून आणावं.

गावातल्या बाकीच्या एक्केचाळीस घरांचा एक गट होता. अवजारं एकत्र, माल एकत्र, दर मंगळवारी सकाळी शिंपिणीच्या पुढच्या खोलीत बैठक. शिलेदारांना त्या गटाचा भारी तिटकारा. "लंगड्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले म्हणून कुणी धावायला लागत नाही," असं ते येता-जाता ऐकवायचे.

या तिटकाऱ्याला कारण होतं. वडील गेले तेव्हा शिलेदार बाहेरगावी कामाला होते. निरोप मिळून घरी पोचले, सगळं उरकलं, आणि चौथ्या दिवशी त्यांनी फळीवरचा वडिलांचा बियांचा डबा काढला. काठोकाठ भरलेला असायचा तो डबा. उघडला तर तळाशी दोन ओंजळी बी. म्हातारा अंथरुणाला खिळला होता आणि गावानं त्याचा डबा लुटला, असं शिलेदारांच्या मनानं घेतलं. महिन्याभरानं मास्तर अंगणात आले. शाळेत शिकवायचे, शेतीही करायचे, आणि गट त्यांनीच नुकता उभा केला होता. "तूही ये आमच्यात," एवढंच म्हणाले. शिलेदारांनी त्यांना पायरी चढू दिली नाही. "चोरांच्या पंगतीला मी बसत नाही," म्हणाले आणि दार लावलं. मास्तर परत गेले. त्याला एकतीस वर्षं झाली.

घरात दोघंच. मुलगी सासरी. बायको शांत, पण शांत माणसाच्या पोटात काय असतं ते कुणी सांगावं? दर मंगळवारी सकाळी आवरून ती शिंपिणीकडं जायची. उशांचे अभ्रे शिवून घ्यायचेत, म्हणायची. घरात उशा चार, आणि अभ्रे वीस वर्षं शिवणं चाललेलं! शिलेदारांच्या डोक्यात हा हिशेब कधी शिरला नाही. बीज सोडून दुसऱ्या कशाकडं बघायला त्यांना सवडच कुठं होती?

तर दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. कांदे फुलायच्या सुमाराला त्यांच्या खालच्या शेताभोवती माणसं फिरत. गटातलीच. दोघं-तिघं यायची, एक जण पावलं मोजायचा, दुसरा दोरी धरायचा, बांधावरून डोकावून बघायची, माना हलवायची आणि निघून जायची. शिलेदारांनी हाक मारली की "काही नाही, काही नाही" करत पसार! मागच्या वर्षी तर शिंपीण स्वतः कपडे मोजायची फीत गळ्यात टाकून कुंपणापाशी उभी होती.

"बी चोरायचा बेत चाललाय," शिलेदार बायकोला म्हणाले. "बापाचं गेलं, आता माझ्यावर डोळा."

"बघत असतील," बायको म्हणाली.

"काय बघत असतील?"

"तुमचा हात," ती म्हणाली आणि आत गेली.

यंदा शिलेदारांनी एक घाव दोन तुकडे केले. बियांचे कांदे खालच्या शेतात लावलेच नाहीत. तिथं वाटाणा पेरला, सगळ्यांना दिसेल असा. आणि कुणाला न सांगता वरच्या माळाच्या शेतात, चहूबाजूंनी मका लावून, मधोमध बियांचे कांदे लावले. बायकोला सांगितलं, वर नुसता मका आहे. तिचा गुडघा दुखायचा, ती वर जात नसे. मका कमरेएवढा झाला, मग डोक्याएवढा. आत गोंडे वर येत होते आणि बाहेरून पातीचा पत्ता नव्हता. आपल्या अकलेवर शिलेदार बेहद्द खूश होते. बसा म्हणावं आता वाटाणा मोजत!

मका निघाला तसा आडोसा गेला. पण त्याची त्यांना फिकीर नव्हती. इतक्या वर कोण येतंय?

दुसऱ्याच दिवशी सकाळी ते माळावर गेले तर गोंडे उमलायला लागलेले. एकेका गोंड्यावर दहा-बारा फुलं उघडली होती, बाकीच्या कळ्या अजून मिटलेल्या. म्हणजे आज किंवा उद्यापासून माश्या येणार. शिलेदार वाकून बघत होते तेवढ्यात कुंपणापलीकडून माणसांचा आवाज आला. बोलण्याचा नव्हे, पुष्कळ पायांचा. पलीकडचं शेत शिंपिणीचं. त्यांनी कुंपणाच्या फटीतून डोळा लावला.

शिंपिणीच्या शेतातही गोंडे होते. चार ओळी. तिचा तो तुकडा शिलेदारांनी कधी धड पाहिलाही नव्हता. शेताच्या कडेनं सगळा गट उभा होता, चाळीसेक माणसं. शिंपीण ओळीच्या तोंडाशी वाकली होती. हातात तिची कापड बेतायची मोठी कात्री. तिनं एक दांडा धरला आणि कात्री चालवली. गोंडा टोपलीत पडला. मग दुसरा. मग तिसरा.

शिलेदारांना ते बघवेना. आपली नव्हेत, तरी फुलं होती ती. बी भरायला आलेले गोंडे जाणूनबुजून कापणारं माणूस त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. रोग पडला असेल का? पण गोंडे तर सणसणीत होते. बाईचं डोकं फिरलं असेल म्हणावं, तर मग चाळीस जण नुसते बघत का उभे? आणि टोपली कुणाच्या हातात आहे? त्यांनी डोळे चोळले. टोपली, गुडघ्यामुळं कधी माळ न चढणाऱ्या, त्यांच्या बायकोच्या हातात होती.

पहिली ओळ संपली. शिंपिणीनं कोपरानं डोळे पुसले आणि दुसऱ्या ओळीला हात घातला.

"थांबा!" शिलेदार ओरडले. कुंपण कसं ओलांडलं ते त्यांना कळलं नाही, सदऱ्याची बाही मात्र काट्यात राहिली. "काय चालवलंय हे? आणि अगं, तू इथं काय करतेस?"

"अभ्रे शिवतेय," बायको म्हणाली. तिचेही डोळे लाल होते.

कुणी हसलं नाही. मास्तर पुढं आले. आता ऐंशी ओलांडलेले, काठी टेकत चालणारे. "तू वर बी धरलंस?" त्यांनी विचारलं. "आम्हाला काल मका निघाल्यावर दिसलं. आधी सांगितलं असतंस तर हिनं लावलंच नसतं रे."

"माझ्या बियांचा आणि हिच्या गोंड्यांचा काय संबंध?"

"हिचा कांदा लाल आहे, तुझा पिवळा. मध्ये दीडशे पावलं. उद्या माश्या हिच्या फुलावरून तुझ्या फुलावर जातील. माशीला बांध कळत नाही."

"तीस वर्षं नाही गेल्या त्या! माझ्या हाताचा—"

"बस झालं हाताचं," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण शाळेत ज्या आवाजाला वर्ग गप्प व्हायचा तोच होता. "चल. तुला एक दाखवतो."

माळ उतरून शिंपिणीच्या पुढच्या खोलीत शिलेदार आयुष्यात पहिल्यांदा शिरले. शिवणयंत्र, चिंध्यांचं गाठोडं, भिंतीला टेकवलेल्या चटया. समोरच्या भिंतीवर एक मोठं जाड कापड ताणून ठोकलेलं, त्यावर दोऱ्यानं गावातलं शेतन् शेत शिवलेलं. प्रत्येक बांध, विहीर, वाट. शिलेदार चष्मा सरकवत जवळ गेले. कापडाच्या बरोबर मध्यावर त्यांचं खालचं शेत होतं. आणि त्याच्याभोवती कपड्यावर खुणा करायच्या खडूनं एक भलंमोठं वर्तुळ काढलेलं. खडू इतक्यांदा फिरला होता की कापड तिथं पांढरंफटक पडलं होतं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"हजार पावलं," मास्तर म्हणाले. "तुझ्या शेतापासून चहूबाजूंनी हजार पावलं. या वर्तुळात एकतीस वर्षं कुणी बियांचा कांदा फुलू दिलेला नाही. चुकून एखादा दांडा वर आला तर दिसेल त्यानं मोडायचा, मग तो कुणाच्याही रानातला असो. दरवर्षी फुलांच्या दिवसांत पावलं मोजून खात्री करायची. तुला वाटायचं आम्ही चोर."

शिलेदारांनी वर्तुळातली शेतं मोजली. अठरा. अठरा घरांनी एकतीस वर्षं स्वतःच्या रानात स्वतःचं बी धरलं नव्हतं. आणि त्यांना पत्ता नव्हता. रोज त्या बांधांवरून ते छाती काढून चालत होते.

"मग या लोकांनी बी कुठून आणलं?"

"लांबच्या घरांनी दिलं. घरटी एक पसा. ज्याची जमीन वर्तुळात, त्याला बाकीच्यांनी आपल्यातलं ओंजळभर द्यायचं. हाच आमचा गट. बाकी अवजारं-बिवजारं नंतर आली."

"पण माझ्यासाठी का? मी तुम्हाला दारात उभं केलं नाही."

मास्तर शिवणयंत्राच्या स्टुलावर टेकले. "तू गावात नव्हतास त्या साली सगळ्यांचं बी बिघडलं. जो तो आपापल्या बांधाआड फुलवायचा, माश्यांनी सगळ्यांचं एक करून टाकलं. कांदे निघाले ते ना लाल ना पिवळे, महिन्यात ढिगात पाणी सुटलं. गावात धड बी राहिलं ते तुझ्या वडिलांच्या डब्यात. आदल्या वर्षीचं. आम्ही मागायला गेलो नव्हतो. म्हाताऱ्यानं अंथरुणातून निरोप धाडला, घरटी एकानं या. मी डबा धरला होता, त्यांनी स्वतःच्या हातानं एकेक पसा घातला. एक्केचाळीस पसे. दोन ओंजळी राहिल्या तेव्हा म्हणाले, एवढं पोरासाठी ठेवा."

शिलेदार भिंतीला धरून उभे राहिले. त्या दोन ओंजळी त्यांना आजही दिसत होत्या. डबा उघडल्यावर आलेला राग आठवत होता, आणि त्या रागावर त्यांनी एकतीस वर्षं घर चालवलं होतं.

"सांगितलं का नाहीत?"

"सांगायला आलो होतो. तू दार लावलंस. मग आम्ही ठरवलं, हा एकटा राहू दे, पण बी एकटं राहून चालायचं नाही."

"आणि तू?" शिलेदार बायकोकडं वळले. "तुला ठाऊक होतं?"

"वीस वर्षं," ती म्हणाली. "कधी विचारलंत? विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आपणहून सांगितलं असतं तर तुम्ही हट्टानं बीच धरणं सोडलं असतंत. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. शिलेदारांनी मान खाली घातली. लग्नानंतर पहिल्यांदाच घातली असावी, कारण बायको जरा घाबरली आणि तिनं त्यांच्या दंडाला हात लावला.

शिंपीण दारात उभी होती, हातात कात्री तशीच. "मास्तर, ऊन वर चढतंय. माश्या सुटायच्या आत उरलेलं आवरायला हवं."

शिलेदारांनी तिच्याकडं पाहिलं. "हा लाल कांदा तुझा कुठला?"

"माहेरचा, भाऊजी. आजवर भाऊ तिकडं धरायचा. त्यानं यंदा जमीन विकली. तुमच्या खालच्या शेतात वाटाणा दिसला, म्हटलं यंदा भाऊजी बी धरत नाहीत, म्हणून गटाला विचारून इथं लावला."

"आणखी कुणाकडं आहे तो?"

"कुणाकडं नाही. होते नव्हते ते कांदे सगळे लावलेत."

"म्हणजे हे कापलं की संपलं?"

कात्रीची पाती तिनं पदराला पुसली.

"आणि तरी कापतेयस?"

"माझा कांदा एका घरचा आहे. तुमचा एक्केचाळीस घरं पेरतात," ती म्हणाली. "माझ्या मुलांचं शिक्षण तुमच्या कांद्यावर झालंय, भाऊजी. वाईट वाटतंय, नाही कशाला म्हणू? पण इतकी वर्षं दुसऱ्यांनी कापलं, तेव्हा मी घरटी पसा घेतलाच ना. आता माझी पाळी आली तर मागं कशी सरू?"

या बाईचं शेत त्यांच्या शेताला लागून होतं. वर्षानुवर्षं तिच्या बांधावरून जाताना त्यांनी तिला कधी रामराम केला नव्हता. तिच्या त्या ओल्या डोळ्यांकडं बघताना त्यांना एकदम आपण फार लहान असल्यासारखं वाटलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही, नवल वाटलं. माणसं अशी असतात? आपल्या गावात? आपल्या कुंपणापलीकडं?

"माझा कांदा कुणाकुणाकडं आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणाकडं नाही ते विचारा," खिडकीतून कुणीतरी म्हणालं. बाहेर सगळा गट कान देऊन उभा होता. "ढिगात कांदे आहेत, डब्यात उरलेलं बी आहे."

"यंदा माझं बी आलं नाही तर?"

"तर पुढच्या साली निम्मंच पेरता येईल," मास्तर म्हणाले. "जड जाईल. पण कांदा मरणार नाही तुझा. एक्केचाळीस घरांत आहे, कसा मरेल?"

शिलेदारांनी हात पुढं केला. "कात्री दे."

"भाऊजी, माझं मी कापते."

"तुझं नाही. दे म्हणतो ना!"

ते पुन्हा माळ चढून कुंपणातून गेले, उरलेली बाहीही काट्याला देऊन. आपल्या गोंड्यांपुढं उभे राहिले. सहा ओळी, दीड हात उंच. वडिलांनंतर एकही वर्ष खंड पडला नव्हता. पहिला दांडा त्यांनी त्या गुणाच्या हातानं धरला. मग त्यांनी कात्री चालवली.

कुंपणाशी चाळीस माणसं गोळा झाली होती. "अरे, नको," मास्तर म्हणाले, पण पुढं कुणी आलं नाही. दुसरी ओळ कापताना शिलेदार रडत होते, उघड उघड, नाक ओढत, आणि एकीकडं "दांडा बुडातून धरावा लागतो, नाहीतर फुटवा येतो" असं कुणाला तरी शिकवतही होते. तिसऱ्या ओळीला बायको टोपली घेऊन आली. चौथ्या ओळीला शिंपीण आली, दुसरी छोटी कात्री घेऊन. पाचव्या ओळीपर्यंत सगळा गट आत होता. सहावी संपली तेव्हा पहिली माशी आली. रिकाम्या दांड्यांवरून घोंघावली, आणि कुंपणापलीकडं शिंपिणीच्या उरलेल्या तीन ओळींकडं निघून गेली. सगळे मान वळवून तिच्यामागं बघत राहिले.

त्या दिवशी कापडावरचं जुनं वर्तुळ शिलेदारांनी ओल्या फडक्यानं स्वतः पुसलं. शिंपिणीच्या शेतात टाचणी रोवली, दोरीचं एक टोक टाचणीला, दुसऱ्या टोकाला खडू. नवीन वर्तुळ काढताना त्यांनी तोंडानं पावलं मोजली, हजारपर्यंत. त्यांचं खालचं शेत वर्तुळात आलं, वरचंही आलं.

"म्हणजे आता आपण वर्तुळातले," बायको म्हणाली.

पुढच्या रविवारी सकाळी शिलेदार ओट्यावर दात घासत होते. अंगणात पावलं वाजली. वर्तुळाबाहेर, पश्चिमेच्या टोकाला राहणारा कुंभार होता, मूठ मिटलेली. कधी या अंगणात आलेला नसल्यामुळं तो पायरीशी घुटमळला. "नियम आहे, काका," म्हणाला. "वर्तुळातल्या घराला घरटी एक पसा." त्याच्यामागं सुतार होता. सुताराच्या मागं आणखी कुणी. रांग फाटकाबाहेर वळून गेली होती.

शिलेदारांनी चूळही भरली नाही. आत गेले, फळीवरचा वडिलांचा डबा काढला, बाहेर येऊन पायरीवर बसले आणि डबा दोन्ही हातांनी धरला. काळं बी पडत गेलं. प्रत्येक पसा वेगळ्या हाताचा, कुणाचा मातीनं भेगाळलेला, कुणाचा पीठ लागलेला, कुणाचा इवलासा. बी मात्र सगळं एकाच जातीचं होतं. ते त्यांना शंभर जातींतून ओळखू आलं असतं. डबा भरला. काठोकाठ भरला, तरी रांग संपेना, मग बायकोनं आतून पातेलं आणून दिलं.

शेवटी मास्तर आले. पसा घातला आणि या वेळी न विचारता पायरी चढून ओट्यावर बसले.

सगळे गेल्यावर शिलेदारांनी डब्याचं झाकण लावलं. मग घसा खाकरून म्हणाले, "अगं, मंगळवारी किती वाजता निघतेस?"

"कुठं?"

"शिंपिणीकडं." त्यांनी नजर डब्यावरून काढली नाही. "माझ्याही उशीचा अभ्रा फाटलाय."